दुसऱ्यांदा फिरलेला हात



आजच्या विषयाची सुरुवात एका प्रश्नापासून करू या. मागच्या व्याख्यानानंतर सभागृह रिकामं होत असताना एक बाई थांबल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. पिशवीतून त्यांनी दोनशे पानी वही काढली. यजमान गेल्यावर त्यांनी त्या वहीत लिहायला सुरुवात केली होती आणि दोन-अडीच महिन्यांत वही भरली होती. त्या म्हणाल्या, "आता वाचते तेव्हा काही ठिकाणी खटकतं. काही गोष्टी दोनदा आल्यात, काही अर्ध्यावरच राहिल्यात. पण हात लावायला धजत नाही. मनातून आलं तसं उतरलंय. आता त्यात फेरफार केला तर ते खोटं नाही का होणार?"

आम्ही त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि त्या "बरं" म्हणून गेल्या. पण रुखरुख लागून राहिली. प्रश्न नुसता त्या बाईंचा नाही. आपल्याकडे एक समजूत खोलवर रुजलेली आहे: लिहिते ती भावना आणि तपासते ती बुद्धी. पहिला खर्डा काळजातून येतो, दुसरा डोक्यातून. त्यामुळे दुसरा खर्डा म्हणजे पहिल्याशी केलेली थोडीशी बेइमानीच.

या समजुतीचा दुसरा परिणाम इतिहासलेखनावर झालाय आणि तो जास्त गंभीर आहे. मराठीत एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्त्रियांनी जे लिहिलं, त्याचं कौतुक आपण कुठल्या शब्दांत करतो? ओघवतं, साधंसुधं, उत्स्फूर्त, जणू समोर बसून बोलताहेत असं. कौतुक खरंच आहे, पण त्यात एक गोष्ट हळूच गायब होते, ती म्हणजे मेहनत. पुरुषानं लिहिलं तर तो ग्रंथ 'रचतो', बाईनं लिहिलं तर तिच्या हातून ते 'उतरतं'. झऱ्याला पाणी यावं तसं.

म्हणून आज आपण चार लेखिकांकडे बघू या. चौघींनीही अगदी खासगी, आतल्या भावनेतून लेखणी हातात घेतली. कुणी संतापातून, कुणी विरहातून, कुणी आईच्या आठवणीतून. आपण एवढंच विचारायचं, की ती भावना पहिलं पान लिहून झाल्यावर कुठे गेली? संपली, की पुढच्या कामालाही आली?

पहिली लेखिका बुलढाण्याची. ताराबाई शिंदे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घर मराठा जातीचं आणि बेताचं प्रतिष्ठित, म्हणजे बाईनं उंबरा ओलांडू नये अशा रीतीचं. पण वडील सत्यशोधक समाजातले. त्यांनी मुलीला वाचायला शिकवलं आणि वाचणाऱ्या मुलीच्या हातात वर्तमानपत्रं पडली.

१८८१ साली त्या वर्तमानपत्रांत सुरतेच्या एका खटल्याची चर्चा चालू होती. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं आणि अब्रूच्या भीतीनं तिनं ते मूल मारलं, असा आरोप होता. सुरतेच्या न्यायालयानं तिला फाशीची शिक्षा दिली. पुढे अपिलात ती शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांनी ते प्रकरण एकट्या विजयालक्ष्मीपुरतं ठेवलं नाही. बायकांची जातच कशी वाईट, शिकल्यामुळे त्या कशा बिघडतात, अशी झोड उठली. त्या मुलाला बापही होता, हे मात्र कुणाच्या लेखणीला सुचलं नाही.

ताराबाईंचा संताप इथून सुरू झाला. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापून झालं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. हे आपलं पहिलंच लिखाण आहे, भाषा कडक आहे, असं त्यांनी प्रस्तावनेत सांगून टाकलंय.

आता हे पुस्तक 'उत्स्फूर्त उद्रेक' म्हणून ओळखलं जातं. ते वाचताना उद्रेक जाणवतो यात शंका नाही. पण पुस्तकाची बांधणी नीट पाहा. बायकांवर ठेवले जाणारे दोष ताराबाई एकेक करून घेतात. साहस, कपट, अविचार, मोह असा एकेक आरोप उचलायचा आणि विचारायचं, की हा दोष पुरुषात नाही? पुराणातल्या कथा, घराघरांतले व्यवहार, विधवेची स्थिती, नाटकं-कादंबऱ्यांतल्या बायका, सगळं त्या या एका तराजूत आणून ठेवतात. शीर्षकातच 'तुलना' आहे. नुसतं रागावून तुलना करता येत नाही. तुलनेसाठी दोन्ही पारडी समोर ठेवावी लागतात, वजनं तीच वापरावी लागतात, आणि मनात दहा गोष्टी एकदम उसळत असताना एका वेळी एकच बोलावी लागते. सुरतेतल्या एका अनोळखी बाईबद्दलची कणव नसती तर हा ग्रंथ सुरू झाला नसता, हे उघड आहे. पण तीच कणव नसती तर तो इतका नेटानं पूर्णही झाला नसता.

पुढे काय झालं? महात्मा फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि पुस्तकाची टवाळी करणाऱ्यांना फटकारलं. टवाळी करणाऱ्यांत आपल्याच बाजूचे लोक होते, हे फुल्यांचं दुखणं होतं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. 'स्त्रीपुरुषतुलना' वाचकांसमोर पुन्हा आलं ते १९७५ साली, स. गं. माळशे यांनी ते संपादून छापलं तेव्हा. मध्ये ९३ वर्षं गेली.

हे इथे मुद्दाम सांगतोय. भावना प्रखर असली की पुरे, असं इतिहास म्हणत नाही. ताराबाईंइतकी प्रखर भावना क्वचित कुणाची असेल. पण लिहिलेल्यावर पुन्हा हात फिरवायला, पुढचं लिहायला, कुणीतरी वाचणारं लागतं. घरात, गावात, निदान पत्रातून कुणीतरी "पुढे काय?" असं विचारणारं लागतं. ताराबाईंना असं विचारणारे फार थोडे भेटले. मराठीचं त्यात केवढं नुकसान झालं, त्याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही.

दुसऱ्या लेखिकेकडे येऊ. रमाबाई रानडे.

आपण आज ज्याला व्याख्यानमाला म्हणतो, त्या प्रथेशी या घराचा जवळचा संबंध आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनीच सुरू केली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८७३ साली, त्यांचं दुसरं लग्न झालं होतं. मुलगी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची, वय अकरा. नवरा एकतीस वर्षांचा. सुधारक म्हणवणारा माणूस विधवेशी लग्न न करता वडिलांच्या इच्छेपुढे मान तुकवतो, म्हणून त्या वेळी पुष्कळ टीका झाली. त्या मुलीला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्या शिकण्याला विरोध मांडला. दिवसा घरकाम आणि टोमणे, रात्री अभ्यास.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झालं १९१० साली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

नऊ वर्षांचं हे अंतर लक्षात घ्या. या नऊ वर्षांत रमाबाई नुसत्या आठवणींत बसून राहिल्या नाहीत. शोकाचं पहिलं वर्ष सरल्यावर त्या बाहेर पडल्या, तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या आणि १९०९ साली पुण्यात सेवासदनाचं काम उभं राहिलं. पुस्तक आलं त्याच्या पुढच्या वर्षी. पती जाऊन चार महिन्यांत त्यांनी हेच पुस्तक लिहिलं असतं तर ते कसं झालं असतं? बहुधा एका थोर माणसाचं स्तोत्र झालं असतं. तसं स्तोत्र लिहिणारे त्या काळात पुष्कळ होते. रमाबाईंनी लिहिलं ते वेगळंच. त्यात रानड्यांचं घर आहे. त्यात एक लहान मुलगी आहे, तिला एकीकडे नवरा म्हणतो शीक आणि दुसरीकडे घरातली वडीलधारी माणसं म्हणतात शिकू नको. तिच्या हातून चूक झाली म्हणून नवऱ्यानं अबोला धरला, तो दिवसही त्यात आहे. घरातल्या ज्या बायकांनी छळलं, त्यांच्याबद्दल लिहितानाही लेखणीत विष नाही. त्या बायका अशा का वागल्या असतील, हे लेखिकेला मधल्या काळात कळलेलं आहे.

हे 'मधल्या काळात कळणं' म्हणजेच दुसरा खर्डा. तो कागदावर होण्याआधी मनात होतो. दुःख ताजं असतं तेव्हा आपल्याला फक्त गेलेला माणूस दिसतो. काही वर्षांनी त्याच्या भोवतीची खोली दिसायला लागते, खोलीतली बाकीची माणसं दिसतात, आणि शेवटी त्या खोलीत आपण स्वतः कुठे उभे होतो हेही दिसतं. माया कमी झाली म्हणून हे घडत नाही. माया तशीच असते, नजर तेवढी लांबवर जाते.

आणि पुस्तकाचं नाव पाहा. 'त्यांच्या' आयुष्यातील नव्हे, 'माझ्या'ही नव्हे, 'आमच्या' आयुष्यातील. आणि 'सर्व' नव्हे, 'कांही' आठवणी. 'आमच्या' या शब्दातून त्यांनी स्वतःची जागा घेतली, 'कांही' या शब्दातून निवडीचा अधिकार घेतला. काय सांगायचं नाही हे ठरवणंसुद्धा लेखनच असतं. रमाबाई पुढेही थांबल्या नाहीत. रानड्यांचे विखुरलेले इंग्रजी लेख गोळा करून १९१५ साली त्यांनी ते ग्रंथरूपानं प्रसिद्ध केले. म्हणजे माणूस गेल्यावर चौदा वर्षांनीही त्याच भावनेनं कागद गोळा करणं, लावणं, छापखान्यात पाठवणं चालूच होतं. याला आपण उत्स्फूर्तता म्हणणार का?

तिसऱ्या लेखिकेचं नाव तुम्ही ओळखलंच असेल. लक्ष्मीबाई टिळक.

'स्मृतिचित्रे' चार भागांत आलं, १९३४ ते १९३६ या काळात. पहिला भाग आला तेव्हा लक्ष्मीबाईंचं वय ६६. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आणि पुस्तकातला सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग, म्हणजे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत एकट्या पडल्या तो काळ, त्याला तर जवळजवळ चाळीस वर्षं उलटली होती.

या पुस्तकातला विनोद सगळ्यांना माहीत आहे. त्याची सुरुवातच आठवा. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी धुऊ नये तीसुद्धा. आपण वाचताना हसतो. पण मांडणी काय आहे? एका बाजूला फाशी, दुसऱ्या बाजूला घरभर सांडलेलं पाणी, आणि मधे त्या घरातली लेकरं. इतकं भीषण काही इतक्या हसऱ्या चेहऱ्यानं सांगता येतं, ते सांगणाऱ्यानं ते मनात शंभर वेळा घोळवलेलं असतं म्हणून. पहिल्यांदा सांगताना माणूस रडतो. दहाव्यांदा सांगताना आवाज स्थिर होतो. पुढे कधीतरी त्यातली गंमत सापडते. 'स्मृतिचित्रे'तला विनोद हा अशा अनेकदा सांगण्याचा, म्हणजे एका अर्थी अनेक खर्ड्यांचा परिणाम आहे, असं आम्हाला वाटतं.

लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लग्नानंतर टिळकांनी लहर लागेल तसं शिकवलं, तेवढंच शिक्षण. म्हणून लोक म्हणतात, की त्यांचं लिखाण निसर्गदत्त. पण त्यांचं दुसरं काम आपण विसरतो. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेलं काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि त्याचे ६४ अध्याय रचले.

चौसष्ट अध्याय! ही काही एका रात्रीची भरती नव्हे. यजमानांच्या आठवणीनं एखादी कविता होते, दोन होतात. चौसष्ट अध्याय होतात ते रोज उठून बसण्यानं. मात्रा मोजाव्या लागतात, मागच्या अध्यायाशी पुढचा जुळवावा लागतो, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या सुरुवातीला आपण शेवट जोडतोय, त्या कवीच्या हाताशी आपला हात मिळवावा लागतो. टिळक हा माणूस सोबत राहायला सोपा नव्हता. त्यांचा राग, त्यांचं अचानक घर सोडून निघून जाणं, हातातलं सगळं दुसऱ्याला देऊन टाकणं, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. तरी त्यांच्या अपुऱ्या काव्याशी त्या वर्षानुवर्षं झुंजल्या. एकाच लेखिकेनं एका पुस्तकात नवऱ्याची मनमोकळी थट्टा करावी आणि दुसऱ्या पुस्तकात त्याची अर्धी राहिलेली ओळ पुढे न्यावी, यात विरोध नाही. दोन्हीकडे आच एकच आहे.

आणि आता चौथी, जिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पंडिता रमाबाई.

ताराबाईंचं पुस्तक आलं त्याच १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाजाची सुरुवात त्याच वर्षीची. रमाबाई रानडे त्या कामात होत्या. आणि 'सत्सार'मध्ये फुल्यांनी ताराबाईंसारखीच पंडिता रमाबाईंचीही बाजू घेतली. तेव्हा या चौघी चार वेगवेगळ्या बेटांवर नव्हत्या. एकाच काळाच्या वाऱ्यात त्या उभ्या होत्या.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातली मृत्यूंची यादी वाचताना धाप लागते. दुष्काळाच्या आणि उपासमारीच्या दिवसांत आई-वडील गेले, मोठी बहीण गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीनं तेही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. अशा स्थितीत पुण्याला येऊन त्यांनी काही महिन्यांत 'स्त्रीधर्मनीति' लिहून प्रसिद्ध केलं. त्याची भाषा संस्कृतानं जड झालेली, पंडितांच्या सभेला शोभेल अशी.

पुढे १८८७ साली अमेरिकेत त्यांचं 'हाय कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक आलं. ते त्यांनी आपल्या आईला, लक्ष्मीबाई डोंगरे यांना, अर्पण केलंय. ही अर्पणपत्रिका औपचारिक नाही. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करला होता. ते थकल्यावर मुलीला शिकवायचं काम आईकडे आलं. दिवसभर कामं असत, म्हणून आई पहाट व्हायच्या आत मुलीला उठवी आणि जवळ घेऊन श्लोक म्हणून घेई. रमाबाईंनी ही आठवण पुढे स्वतः सांगितली आहे. ज्या बाईला पहाटेच्या अंधारात आईकडून अक्षरं मिळाली, ती आयुष्यभर दुसऱ्या बायकांना अक्षरं देत राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो बायका-मुलींसाठी केडगावचं मुक्ती सदन.

केडगावला त्यांनी आयुष्यातलं सर्वांत लांबलेलं काम हाती घेतलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद. त्या भाषा त्यांनी त्यासाठी शिकून घेतल्या. मराठीत बायबल नव्हतं असं नाही. मिशनऱ्यांनी केलेलं भाषांतर होतं. पण ते मुक्ती सदनातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळत नाही, हे त्यांना दिसत होतं. म्हणून पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चाललं. अनुवाद करायचा, तपासायचा, बदलायचा. मदतीला सदनातल्या बायका होत्या, आणि छपाईही सदनाच्याच छापखान्यात, बायकांच्याच हातांनी.

इथे एक बदल डोळ्यांत भरतो. १८८२ साली जिची मराठी संस्कृताच्या भारानं वाकलेली होती, तीच बाई आता वाक्य उलटसुलट करून बघतेय, की खेड्यातल्या बाईला हे समजेल का. पंडितांच्या सभेनं दिलेली 'सरस्वती' ही पदवी मिरवायची सोडून ती सोपा शब्द शोधत बसलीय. ही सुधारणा नुसत्या बुद्धीनं होत नाही. वाचणाऱ्या बाईवर जीव असावा लागतो. तिला अडखळताना बघून आपल्याला त्रास व्हावा लागतो.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं ती एकुलती एक लेक. रमाबाईंचं वय तेव्हा ६३ आणि कानांनी त्या अधू झालेल्या. काम थांबवायला याहून मोठं कारण कुणी मागू नये. पण प्रुफं तपासण्याचं काम शेवटच्या दिवसांपर्यंत चालू होतं, असं सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून प्रसिद्ध झालं ते १९२४ साली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा अनुवाद मराठी चर्चमध्ये सर्वत्र रूढ झाला नाही. भावना खोल असली, मेहनत अफाट असली, म्हणून पुस्तक लोकांच्या जिभेवर बसेलच असं नाही. ताराबाईंना ९३ वर्षं वाट पाहावी लागली. रमाबाईंच्या बायबलाची तर आजही फारशी चर्चा होत नाही. तेव्हा पुन्हा पुन्हा हात फिरवणं हा यशाचा खात्रीचा उपाय आहे, असं आम्ही म्हणणार नाही. मग त्यांनी ते का केलं? कारण ज्या माणसासाठी लिहायचं, त्याला आपलं ओबडधोबड द्यायचं त्यांच्या जिवावर येत होतं. पाहुण्याला पान वाढताना आपण कडेचं सांडलेलं पुसून घेतो ना, तसं.

आता चौघींकडे एकत्र पाहून तीन गोष्टी म्हणता येतील.

पहिली, भावना ही काडीसारखी नसते, एकदा पेटली आणि संपली अशी. ती निखाऱ्यासारखी असते. वर राख धरते आणि आपल्याला वाटतं विझली. फुंकर घातली की कळतं. वर्षांनंतर तोच कागद हातात घेणं, ही ती फुंकर.

दुसरी, लिखाणातलं खोटं कुठे आहे हे बुद्धीच्या आधी भावनेला कळतं. त्या बाई म्हणाल्या होत्या, "काही ठिकाणी खटकतं." खटकणं ही व्याकरणाची गोष्ट नाही. आपल्या माणसाबद्दल आपणच काहीतरी ठरावीक, छापील लिहून गेलो, हे मनाला खटकतं. "ते फार प्रेमळ होते" असं लिहिलेलं असतं आणि मन म्हणतं, अगं, रागीट होते की! रोज दोन वेळा भांडायचो. मग ते वाक्य खोडायचं आणि भांडण लिहायचं. यात बेइमानी कुठे आली? लक्ष्मीबाईंनी हेच केलं, म्हणून टिळक आज आपल्याला जिवंत वाटतात.

तिसरी गोष्ट, हे एकट्यानं होत नाही. रमाबाई रानड्यांच्या पाठीशी गोखले होते, पंडिता रमाबाईंच्या सोबत छापखान्यातल्या बायका होत्या. ताराबाईंच्या बाजूनं फुले उभे राहिले, पण ते एकटेच पडले. तेव्हा लिहिणाऱ्याइतकीच जबाबदारी वाचणाऱ्याचीही असते. आपल्या घरात कुणाची वही असेल तर "किती छान, अगदी मनातलं" एवढं म्हणून मिटू नका. "इथे पुढे काय झालं?" असं विचारा. उत्तेजन म्हणतात ते त्या प्रश्नात असतं.

म्हणून त्या बाईंना, त्या आज ऐकत असल्या तर, उशिरा का होईना उत्तर देतो. ताई, पहिली वही तशीच ठेवा. तिला हात लावू नका. तिच्यावर तारीख घाला आणि कपाटात ठेवा. बाजारातून दुसरी वही आणा आणि पहिलं पान नव्यानं लिहा. खटकलेल्या जागेपासून सुरुवात केलीत तरी चालेल. लिहिता लिहिता रडू आलं तर येऊ द्या, हसू आलं तर तेही येऊ द्या. ते खोटं होणार नाही. आणि लिहून झालं की, पुढच्या वेळी पिशवीत दोन्ही वह्या आणा. या वेळी आम्ही घाईत नसू. बसून वाचू.